पाइप वावरातून, गॅस ट्रकवरून



आज खरं तर मक्यावरच्या लष्करी अळीवर लिहायचं होतं, फोटो पण काढून ठेवलेत. ते उद्या टाकतो. परवा तालुक्याला एक बैठक झाली, तिथून डोकं तापून आलोय, ते आधी मोकळं करू द्या. जरा लांबलंय.

बैठक गॅसच्या पाइपलाइनची होती. जुन्या वाचकांना माहीत आहे, तीन वर्षांपूर्वी एक मोठी लाइन आमच्या शिवारातून गेली. आता तिच्यातून फाटा काढून दुसरी लाइन एमआयडीसीकडे न्यायची आहे. तिच्या नोटिसा आल्यात. भिंतीवर नकाशा लावलेला, समोर पाण्याच्या बाटल्या, आणि साहेब अर्धा तास एकच सांगत होते, गॅसचं जाळं वाढलं की भागाचा विकास होतो. मी उठून विचारलं, साहेब, आमच्या भागाचा किती झाला तीन वर्षांत? तर म्हणाले, काका, हा राष्ट्रीय प्रकल्प आहे.

आता राष्ट्र म्हटलं की आपण गप्प बसतो. मी पण बसलो. घरी येईपर्यंत मात्र गप्प बसवलं नाही.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये तेच येणार. मी गॅसच्या विरोधात नाही. तुम्ही-आम्ही सगळे गॅसचेच गिऱ्हाईक आहोत. युरियाची ४५ किलोची गोणी आपण २६६ रुपये ५० पैशाला आणतो, ती नैसर्गिक वायूपासूनच बनते. अलिबागजवळचा थळचा कारखाना त्याच गॅसवर चालतो. गॅस थांबला तर पहिला दणका आपल्याच उसाला आणि मक्याला. त्यामुळे "पाइपलाइन हटाव" म्हणणाऱ्या गावातल्या पोरांशी पण माझं पटत नाही. माझं भांडण वेगळं आहे. पाइप आमच्या जमिनीतून जातो, आणि त्याचा उपयोग मोजताना आमचं गाव कुणाच्या हिशेबातच नाही.

माझ्या गटातून पट्टा गेला तो वीस मीटर रुंद आणि एकशे दहा मीटर लांब. म्हणजे बावीस गुंठ्याला थोडं कमी. काम चालू होतं तेव्हा मी रोज बांधावर उभा असायचो. करारात लिहिलं होतं की वरची माती वेगळी काढून परत वर टाकू. पहिल्या दिवशी टाकली. दुसऱ्या दिवशी पाऊस येईल म्हणून घाई झाली आणि काळी माती गेली खाली, मुरूम आला वर. त्यावरून अवजड मशिनी फिरल्या. जमीन अशी दबली की पुढच्या पेरणीत पाभरीचे फण उचलून यायचे. ठिबकच्या सबमेनला तीन ठिकाणी जोड द्यावे लागले, आणि दोन पावसाळ्यांत खंदकाची जागा वीतभर खाली बसली. सगळ्या वावराचं पाणी आता तिथं येऊन थांबतं.

कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात म्हणून आकडे देतो. बाकीच्या वावरात सोयाबीन एकरी नऊ क्विंटल निघालं, पट्ट्यावर पाच. पहिल्या वर्षी तर त्याहून कमी. एकरी चार क्विंटलचा फरक, म्हणजे माझ्या पट्ट्यावर दोन-सव्वादोन क्विंटल. चार हजाराचा भाव धरला तरी वर्षाला नऊ हजाराच्या आसपास गेले. यंदा सबसॉयलर मारला आणि ताग पेरलाय. कुणी अशा उलट्या झालेल्या मातीवर काही करून बघितलं असेल तर जरूर लिहा.

पण पीक कमी आलं एवढ्यावर हे थांबत नाही. हे सगळं १९६२ च्या कायद्याने होतं. त्यात जमीन आपल्याच नावावर राहते, फक्त वापराचा हक्क सरकार किंवा कंपनी घेते. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद लागते. ऐकायला बरं वाटतं की जमीन तर आपलीच आहे. पण त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, शेततळं काढायचं नाही, झाड लावायचं नाही. माझा तिथं डाळिंब लावायचा बेत होता. दीडशेच्या वर झाडं बसली असती. आता त्या बावीस गुंठ्यात सोयाबीन, कांदा, मका एवढंच, माझ्या हयातीत आणि माझ्या पोराच्याही.

या सगळ्याचा मोबदला किती? पिकाचं नुकसान वेगळं, ते मिळालं. आणि वापराच्या हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. आमच्याकडे गुंठ्याला तीस हजार धरले. बावीस गुंठ्याचे सहा लाख साठ हजार, त्याचे १० टक्के सहासष्ट हजार. मी सही केली. खोटं कशाला बोलू, त्या महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, मी कागद पूर्ण वाचलापण नाही. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं हे त्याच कायद्यात आहे, ते मला सही केल्यावर दीड वर्षाने कळलं.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. विजेच्या मोठ्या लाइनसाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये नवीन सूचना काढल्या. टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. तार डोक्यावरून जाते तर ३० टक्के, आणि पाइप माती उलटी करून पोटातून जातो तर १०? हा १० चा आकडा कायद्यात पडून आहे. त्याला हात लावायला कुणाला वेळ नाही.

साहेब म्हणतील, पाइप कुठून तरी जाणारच ना. जाणारच. पण कुठून, हे ठरवता येतं. मुंबई–नागपूर–झारसुगुडा लाइन समृद्धी महामार्गाच्या कडेच्या अरुंद पट्टीतून लांबपर्यंत नेलीच ना! तामिळनाडूत कोची–बंगळुरू लाइनच्या वेळी सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी हेच मागितलं होतं. तिथल्या राज्य सरकारने २०१३ साली सांगितलं की महामार्गाच्या कडेने न्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेतकरी आणि राज्य सरकार दोघंही हरले. म्हणजे कोर्टात जाऊन लाइन अडवता येते या भ्रमात मी नाही. आणि धोक्याचं म्हणाल तर आंध्रात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात जून २०१४ मध्ये गॅसची लाइन फुटली, वीसहून जास्त माणसं गेली, नारळाच्या बागा जळाल्या. बैठकीत त्या गावाचं नाव कुणी काढलं नाही.

बरं, आता माझी खरी तक्रार.

आमच्या तालुक्याच्या गावी सीएनजी पंप आहे. रिक्षावाले पहाटेपासून रांगेत. तिथं गॅस कसा येतो माहीत आहे? ट्रकवर नळकांडी लादून, लांबच्या मोठ्या स्टेशनवरून. तो ट्रक आमच्या फाट्यावरून जातो, आणि जिथून वळतो तिथून दोनशे पावलांवर माझ्या वावरात तोच गॅस जमिनीखालून वाहतोय. धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात ते यालाच.

मी अडाणी असलो तरी एवढं कळतं की त्या लाइनला बांधावरून तोटी लावता येत नाही. आतलं प्रेशर भयंकर असतं. ते कमी करायला स्टेशन लागतं, तिथं गॅसला वास मिसळतात, मग पुढे स्टीलची लहान लाइन, मग पिवळा प्लास्टिकचा पाइप. हे सगळं मान्य. पण मोठ्या लाइनवर ठराविक अंतराने व्हॉल्व्ह स्टेशन असतंच. आमच्या शेजारच्या गावात आहे, तारेचं कुंपण, आत खडी, बाहेर राखणदार. त्या ठिकाणी फाटा काढून तालुक्याला गॅस देणं काही चंद्रावर जाणं नाही. एमआयडीसीला तिथूनच फाटा काढतायत ना?

तर म्हणतात, तुमच्याकडे मागणी नाही. घरगुती जोडण्या किती होतील खेड्यात?

इथंच सगळी गोम आहे. शहरात गॅस वाटायचा परवाना देताना कंपनीकडून कामाची हमी घेतात. २०१८ च्या फेरीपासून त्यात मोजायच्या गोष्टी तीन: घरगुती जोडण्या किती, सीएनजी पंप किती, आणि स्टीलची लाइन किती इंच-किलोमीटर. आता तुम्हीच सांगा, जोडण्याच मोजायच्या म्हटल्यावर कुणी आमच्या वस्तीवर कशाला येईल? एका सोसायटीत शंभर फ्लॅट. आमच्याकडे शंभर घरांना जोडायला चार किलोमीटर पाइप. परवाना पूर्ण जिल्ह्याचा, काम जिल्ह्याच्या गावात आणि हायवेवर. आणि खेड्यातल्या घराला पाइपच्या गॅसची फार नड आहे असंही नाही. सिलिंडर येतो, आमच्या हिचं भागतं. खेड्यात मागणी आहे ती घराच्या चुलीची नाही, माल वाळवायची आणि शिजवायची आहे. ती मोजायचा रकानाच नाही.

मक्याचंच घ्या. गेल्या वर्षी ऑक्टोबरात काढणी झाली आणि पाऊस आला. दाण्यात ओल बावीस. व्यापाऱ्याला चौदा पाहिजे. वजनातली कट वेगळी, आणि वर भावात क्विंटलला अडीचशे कमी. माझे साठ क्विंटल होते, पंधरा हजार जागेवर गेले. ताडपत्री टाकून ठेवलेल्यांच्या मक्याला बुरशी आली, तो कोंबडीखाद्यवाल्यानेही परत लावला. आमच्या गटातल्या पोराने हिशेब मांडून दाखवला. एक टन मका बावीसवरून चौदावर आणायला साधारण ९३ किलो पाणी उडवावं लागतं. ड्रायर बरा असेल तर त्याला बारा-तेरा युनिट गॅस पुरावा. युनिटला साठ रुपये धरले तरी क्विंटलला सत्तर-ऐंशी रुपये. पंख्याची वीज, हमाली, मशीनचा हप्ता धरून दुप्पट करा, दीडशे. अडीचशेची कट वाचवायला दीडशे. शिवाय बुरशी नाही. बिट्या जाळूनही ड्रायर चालतो, पण आच एकसारखी राहत नाही, दाणा करपतो. डिझेल परवडत नाही.

तसंच भूम-वाशीकडचा खवा. कुंथलगिरीच्या खव्याचं नाव आहे, पण भट्टीला लाकूड लागतं आणि त्या बायामाणसांच्या डोळ्यांचं काय होतं ते जाऊन बघा. कांदा वाळवायचे कारखाने म्हटले की नाव निघतं गुजरातच्या महुव्याचं, लासलगावचं नाही. (त्यात पांढऱ्या कांद्याचा पण भाग आहे, सगळा दोष इंधनाला नको.) मात्र सगळीकडे गॅस घुसवा असंही मी म्हणणार नाही. गुऱ्हाळाला गॅस नको. चिपाड घरचंच आहे, ते सोडून विकतचं कोण जाळेल? बेदाणा शेडमध्ये वाऱ्यावर वाळतो, त्यालाही नको. पण हे बघायला कुणीतरी गावात येऊन यादी तर करायला हवी ना, कुठं काय शिजतं, काय वाळतं, किती महिने. आजपर्यंत आमच्याकडे असा एकही माणूस आला नाही. मोजणीवाले मात्र तीनदा आले.

बैठकीत मोरबीचं उदाहरण दिलं. बघा म्हणे, गॅस गेला आणि मोरबी कुठल्या कुठं गेलं. अर्धं सांगितलं. मोरबीत कौलं आणि फरश्यांचे कारखाने आधीच होते, पिढ्यानपिढ्या. २०१९ मध्ये हरित लवादाने कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले म्हणून सगळे पाइपच्या गॅसवर आले. कारखाना आधी, गॅस नंतर. आणि २०२१-२२ मध्ये बाहेरच्या गॅसचे भाव भडकले तेव्हा तेच कारखानदार प्रोपेनकडे पळाले. आपल्या देशात लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा जहाजाने येतो, त्यामुळे कुठंतरी लढाई लागली की आपला भाव हलतो. दाभोळ विसरलात का? एन्रॉनच्या वेळी आम्ही विशी-पंचविशीतले, कोकणाचं सोनं होणार असं ऐकलं होतं. पुढे नाव बदललं, मालक बदलले, आणि २०१३ नंतर तोच वीज प्रकल्प गॅस नाही म्हणून बराच काळ बंद पडला. बंदर बांधलं तर लाटा अडवणारी भिंत कित्येक वर्षं अपुरी, पावसाळ्यात जहाज लागायचं नाही. पाइप जवळ असला म्हणून काही होत नाही, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

म्हणून भावाचं बोलतो. देशातल्या जुन्या विहिरींचा गॅस स्वस्त असतो, एप्रिल २०२३ पासून त्याच्या भावाला वरची मर्यादा पण आहे. तो आधी घरगुती चुलीला आणि सीएनजी गाड्यांना देतात. ठीक आहे. पण गावातला मक्याचा ड्रायर किंवा खव्याची भट्टी ही धंदेवाईक गिऱ्हाईक धरली जाते, म्हणजे तिला महागडा, जहाजाच्या भावाचा गॅस. गॅस जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या कराची वजावट पण मिळत नाही. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये सीएनजी आणि घरगुती गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. शहरातल्या गाडीसाठी करता आलं. मग शेतकरी गटाच्या ड्रायरला घरगुती भाव लावायला काय अडचण आहे? हंगाम दोन महिन्यांचा, किती गॅस जाईल असा?

आता उलट्या दिशेचं. १९८४ साली आमच्या वडलांनी परड्यात गोबरगॅस बांधला होता, लोखंडी टोपीवाला. पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर गॅस, घरात आठ माणसं, सहा जनावरं. आईने दहा वर्षं त्यावर स्वयंपाक केला. मग टोपी गंजली, जनावरं कमी झाली, सिलिंडर आला. आज तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सांगतायत. ऑक्टोबर २०१८ मध्ये योजना आली, पाच हजार प्रकल्प, शेणापासून, प्रेसमडपासून, काडीकचऱ्यापासून गॅस. पाच हजार काही झाले नाहीत, जवळपासही नाही. आता गॅस कंपन्यांवर बंधन घातलंय की २०२५-२६ मध्ये १ टक्का असा गॅस मिसळा, वाढवत २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे त्यांना आपला गॅस लागणारच आहे. मग जिथं पाइप आहे तिथं तो आत घालायची सोय आधी करा. असा गॅस लाइनपर्यंत आणायला केंद्राची मदत पण आहे. पण मोठ्या लाइनचं प्रेशर बघता तो तालुक्याच्या लहान लाइनमध्येच जाईल. आणि ती लहान लाइनच आमच्याकडे नाही.

यात शेतकऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी. प्रेसमड आजवर कारखाना आपल्याला कमी भावात द्यायचा, आपण कुजवून उसाला टाकायचो. उद्या त्याचा गॅस होणार म्हटल्यावर तो महाग होईल, काही ठिकाणी झालाय. गॅस काढल्यावर उरलेलं खत बांधावर परत कुणी आणून देणार, कुठल्या भावाने? खत विकणाऱ्याला सरकार टनाला पंधराशे रुपये देतं. त्यातले आपल्यापर्यंत किती येतात ते गोणी घेताना विचारा. सेंद्रिय कर्ब आपल्या जमिनीचा अर्ध्या टक्क्यावर आलाय, तो पण पाइपमधून शहरात पाठवायचा का?

तर नव्या लाइनबद्दल. कायद्यात अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत देता येते. आमचे बारा दिवस गेले. हरकत पाइप टाकण्याला असते, फाटा मागायचा रकाना त्यात नाही हे मला वकिलाने सांगितलंय. तरी मी लिहून देणार. अर्जात चार गोष्टी घातल्यात: लाइन गाडीरस्त्याच्या कडेने न्या, नेता येत नसेल तर का ते लेखी द्या, माती काढताना कृषी खात्याचा माणूस हजर ठेवा आणि काम झाल्यावर तीन वर्षांचं उत्पन्न मोजून भरपाई द्या, आणि व्हॉल्व्ह स्टेशनवरून तालुक्याला फाटा कधी देणार त्याची तारीख सांगा. शेवटचं वाचून साहेब हसतील. हसू दे, पोच घेऊन येणार.

गट नंबर २०० च्या पुढच्या ज्यांना नोटिसा आल्यात त्यांनी सोमवारी सकाळी दहाला चावडीवर या. सातबारा, आठ-अ आणि नोटिशीची झेरॉक्स आणा. ज्यांची जमीन वाटणीत आहे त्यांनी भावांना पण आणा, मागच्या वेळी दोघांचे पैसे त्यावरून अडकले ते अजून सुटले नाहीत. मोबदल्याच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका, फी कितीही तोंडावर असली तरी.

अळीचे फोटो उद्या सकाळी टाकतो. ज्यांच्या मक्याच्या पोंग्यात भुसा दिसतोय त्यांनी तोवर थांबू नका, संध्याकाळी फवारा.